पोटाला काय विचारता

तारे मॅडमना हसताना मी फक्त दोनदा पाहिलं. सहा वर्षं आम्ही इंदूरमधल्या भंवरकुआंच्या एका कोचिंग क्लासमध्ये बरोबर शिकवत होतो, त्या जीवशास्त्र आणि मी रसायनशास्त्र. एवढ्या वर्षांत दोनदा म्हणजे काहीच नाही. पण त्या दोन वेळा आठवल्या की आजही मला राग येतो, आणि तो त्यांचा नसतो.

स्टाफरूममध्ये लोक म्हणायचे, बाईंच्या नाकाच्या शेंड्यावर राग आहे. हे साफ खोटं होतं. वर्गात मुलं उशिरा आली, पगार लांबला, दिवे गेले, तरी त्यांच्या कपाळावर आठी पडत नसे. त्यांना राग यायचा तो एकाच गोष्टीचा, कुणी दुसऱ्याच्या खाण्याबद्दल बोललं की. आता इंदूरमध्ये राहून या गोष्टीवर चिडायचं म्हणजे दिवसभर चिडावं लागतं. इथे माणूस भेटला की आधी काय खाल्लं ते विचारतो आणि त्याची पाठ वळली की किती खाल्लं ते बोलतो. आम्हाला यात काही वावगं वाटत नाही. खवय्यांचं शहर म्हणून आम्ही बाहेरगावी मिरवतोसुद्धा.

मॅडमची उंची जेमतेम पाच फूट, सुती साडी, पायात स्पोर्ट्स शूज आणि उजव्या मनगटात मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ. ते चावीचं होतं आणि इतकं सैल की फळ्यावर लिहिताना कोपराकडे घसरायचं. उजव्या कानशिलावर निळा ठिपका कायमचा. डब्याच्या वेळी कुणी हात आखडता घेत ‘पोट भरलं’ म्हणालं की त्या लगेच म्हणत, “पोटाला काय विचारता? वर विचारा.” आणि हातातल्या मार्करने स्वतःच्या कानशिलावर टकटक करत. मार्करला टोपण असे किंवा नसे. मुलं म्हणायची, तारे मैम को आज फिर टीका लग गया.

भुकेचा धडा त्या मुद्दाम जेवणाच्या सुट्टीआधीच्या तासाला घेत. टेबलावर गरम कचोऱ्यांची पिशवी ठेवायच्या आणि तोंड उघडून द्यायच्या. दोनशे मुलांच्या वर्गात तो वास मागच्या बाकापर्यंत पोचला की विचारायच्या, भूक किस किस को लगी? सगळे हात वर. पाच मिनट पहले किसको थी? चार-पाच हात. मग इतक्यात पोटातून काय गेलं, असा त्यांचा प्रश्न असे. पोटातून काहीच गेलेलं नसे. तिथून त्या हायपोथॅलॅमसवर यायच्या. पोट रिकामं झालं की घ्रेलिन नावाचं संप्रेरक वर जाऊन सांगतं, पाठवा. अंगातली चरबी लेप्टिन पाठवून सांगते, पुरे, साठा आहे. हे निरोप ऐकणारी जागा मेंदूच्या तळाशी, बदामाएवढी. त्या जागेतल्या एका कोपऱ्याला इजा केलेला उंदीर खातच सुटतो, खाऊन खाऊन फुगतो, हे पुस्तकातलं चित्र त्या दाखवायच्या. मुलं हसायची, कारण तो उंदीर दिसायचाच गोलमटोल. मॅडम हसू संपायची वाट बघायच्या. “उस चूहे को किसी ने पेटू कहा क्या?” त्या विचारायच्या. “किसी ने कहा, बेटा, विल पावर रख? नहीं ना? क्यों? क्योंकि वो चूहा है. आदमी होता तो तुम सब कहते.”

मग कचोऱ्या पुढच्या बाकावर देऊन टाकायच्या. स्वतः एकही घ्यायच्या नाहीत.

एकदा क्लासच्या मालकांनी जिन्यात मोठं बॅनर लावलं, ‘जिसने भूख जीती, उसने सब जीता.’ कुणीतरी प्रेरणादायी वक्ता येऊन गेला होता, त्याचा तो प्रसाद. मुलं हॉस्टेलवर राहणारी, सोळा-सतरा वर्षांची. गौतमपुराची एक मुलगी त्या आठवड्यात सकाळचा नाश्ता सोडून माझ्या तासाला चक्कर येऊन पडली. मॅडमनी तिला लिंबूपाणी दिलं, बाकावर आडवं केलं आणि सरळ जिन्यात गेल्या. बॅनरखाली निळ्या मार्करने ठळक अक्षरांत लिहिलं, ‘लिखनेवाला खाना खाके आया था.’ मालकांनी बोलावलं तेव्हा त्यांनी माफी मागितली नाही. बॅनर मात्र उतरलं. आम्ही बाकीचे नऊ जण त्या बॅनरखालून रोज चार वेळा जात होतो आणि एकालाही काही वाटलं नव्हतं.

एवढा राग कुठून येतो हे मला त्यांच्या घरी गेल्यावर कळलं. परीक्षेचे पेपर काढायचे होते म्हणून एका रविवारी गेलो. दोन खोल्यांचं घर, स्वच्छ. स्वयंपाकघराच्या कपाटाला कुलूप आणि फ्रिजला चक्क साखळी. चावी मॅडमच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात. मला वाटलं उंदीर झाले असतील. तेवढ्यात आतून एक भलाथोरला माणूस आला, चाळिशीचा, मऊ चेहऱ्याचा, आणि मला नमस्कार करून म्हणाला, “या सर. ताई सांगते तुमच्याबद्दल. चहा अकराला मिळेल, अजून सात मिनिटं आहेत.”

तो शिरीष, त्यांचा धाकटा भाऊ. चोविसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू येऊ लागले होते. भिंतीतून, पंख्यातून, शेजारच्या टीव्हीतून त्याला धमक्या यायच्या. नोकरी गेली, ठरलेलं लग्न मोडलं. दोन औषधं फुकट गेली. तिसऱ्या गोळीने आवाज थांबले आणि माणूस परत आला, पण त्याच्याबरोबर भूक आली. साठ किलोचा शिरीष दोन वर्षांत एकशेदहाचा झाला. मॅडमनी मला ते सगळं त्याच्यासमोरच सांगितलं, त्याला आत पाठवून नाही. “मेंदूत ‘बस, पुरे’ सांगणारे निरोप असतात ना सर, ते जिथे पोचायचे ती दारंच ही गोळी बंद करते. जाते आवाजांचं दार बंद करायला, शेजारचं पण लागून जातं. पलासियाच्या डॉक्टरांना मी दहा वेळा विचारलंय. ते म्हणतात, हिला बिलकुल हात लावू नका, हीच लागू पडलीये.”

शिरीष म्हणाला, “पोट भरतं, सर. भूक जात नाही.” हे त्याने असं सांगितलं की जणू बाहेर ऊन आहे असं सांगतोय.

कुलूप त्यानेच लावायला लावलं होतं. चावी स्वतःच्या हाताने बहिणीच्या गळ्यात घातली होती. भूक अडवता येत नाही, तिला वेळ देता येते, असं मॅडमचं म्हणणं. म्हणून दर तीन तासांनी मोजून काहीतरी, आणि मधल्या वेळात शिरीषने कपाटाकडे न बघता घड्याळाकडे बघायचं. मॅडमच्या मनगटातलं घड्याळ त्यांच्या वडिलांचं. रोज सकाळी सहाला शिरीष त्याला चावी द्यायचा, भिंतीवरच्या घड्याळाशी मिळवायचा आणि बहिणीच्या हातात बांधायचा. त्या बाहेर असल्या तरी अकरा दोघांचे एकदमच वाजले पाहिजेत, असा त्यांचा करार होता. अकराला चहा आला, बरोबर दोन मारी बिस्किटं. त्याने ती इतकी सावकाश खाल्ली की मी माझं बिस्किट बशीतच ठेवलं.

त्यानंतरच्या माघात मॅडमच्या मामीकडे नातवाची मुंज होती. मामींचे यजमान माझ्या आईकडून नात्यात लागतात, इंदूरच्या मराठी माणसांत नातं निघत नाही असे दोघे सापडणं कठीण. म्हणून मीही पंगतीत होतो. आमच्याकडे आग्रह पुण्या-मुंबईसारखा नुसता तोंडी नसतो. माळव्यात राहून आम्ही इथली मनुहार उचलली आहे. जेवण संपत आलं की घरचे वडीलधारे ताट घेऊन पंगतीतून फिरतात आणि प्रत्येकाच्या तोंडात जिलेबी नाहीतर खव्याची मावाबाटी आपल्या हाताने घालतात. नको म्हणणं हा अपमान. हात पुढे करावा तर हात बाजूला सारून भरवतात. माझं गळ्यापर्यंत झालं होतं, तरी तीन जिलेब्या कोंबल्या गेल्या आणि सगळे खूश झाले.

कुमुदमामी शिरीषपुढे आल्या. त्याने पानातलं कधीच संपवलं होतं आणि तो मान खाली घालून बसला होता. मामींनी जिलेबी उचलली, त्याच्या ओठांपर्यंत नेली आणि हात मागे घेतला. “तुला नको रे बाबा. तुला मनुहार केली तर तू मांडव पण खाशील.”

पंगत हसली. मीही हसलो. मोठ्याने नाही, पण हसलो. शिरीषही हसला, तेच सगळ्यात वाईट होतं. त्याचं तोंड जिलेबीसाठी थोडंसं उघडलेलं होतं आणि ते त्याने हसण्यात वळवलं.

मॅडम समोरच्या रांगेतून उठल्या. मामींच्या हातातली जिलेबी घेतली, भावाच्या तोंडात घातली आणि पदराला हात पुसले. “इथे सगळ्यांची पोटं भरलीत, त्यांना बळंच भरवताय. ज्याला खरी भूक लागलीये त्याच्या तोंडातून काढताय. असली मनुहार तुमच्याकडेच ठेवा, मामी.” शिरीषला हाताने उठवलं आणि दोघं निघाले. मागे कुणीतरी म्हणालंच, “पण तोंडावर ताबा नको का माणसाला?” म्हणणारा दुसऱ्यांदा श्रीखंड घेत होता.

हसल्याची लाज मला दोन-तीन दिवस पुरली. लाज वाटली की शहाण्या माणसाने गप्प बसावं. मी शहाणपणा करायला गेलो. मॅडमचा सकाळचा तास असताना शिरीष बागेत फिरायला जायचा. मी तिथे त्याला गाठलं. मुंजीतल्या प्रकाराबद्दल काहीतरी पुटपुटलो, आणि मग म्हणालो, “गोळी अर्धी करून बघ. आठ-पंधरा दिवस. मी केमिस्ट्रीचा माणूस आहे, अर्ध्याने काही होत नाही. भूक कमी होईल. मॅडमना इतक्यात सांगू नकोस, वजन उतरलं की त्यांनाच आनंद होईल.”

हे मी बोललो. दहा वेळा विचारून मिळालेलं डॉक्टरचं उत्तर माझ्या कानांनी ऐकलेलं असताना बोललो. त्याने विचारलं, “नक्की ना, सर?” मी नक्की म्हणालो. त्याने माझा हात हातात घेतला आणि शब्द दिला.

दोन महिन्यांत शिरीष उतरला. अर्धी गोळी पुढे त्याने आपल्या मनानेच पाव केली असणार आणि मग सोडली असणार. गालांची हाडं दिसू लागली. लोक त्याला रस्त्यात थांबवून शाबासकी देऊ लागले. कुमुदमामी ज्याला त्याला सांगत सुटल्या, “पाहिलंत? मनावर घेतलं की होतं.” या वाक्याएवढं नीच वाक्य मराठीत दुसरं नसेल, असं आज मला वाटतं. तेव्हा मी मनातल्या मनात त्याचं श्रेय घेत होतो.

आणि मग एका शनिवारी तारे मॅडम मावाबाटीचा डबा घेऊन स्टाफरूममध्ये आल्या. शिरीषचा पट्टा दोन भोकं आत गेला होता. त्याने काल पाच वाजताचं खाणं स्वतःहून नको म्हटलं होतं. “सर, पंधरा वर्षांत पहिल्यांदा नको म्हणाला तो,” असं म्हणून त्या हसल्या. त्यांचे पुढचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले आहेत, हे मला त्या दिवशी कळलं. त्यांनी आपल्या हाताने मला मावाबाटी भरवली. मी खाल्ली. त्या वेळी तोंड उघडून खरं बोलायचं सोडून मी ते खाण्यासाठी उघडलं.

पुढच्या बुधवारी मॅडम तासाला चाळीस मिनिटं उशिरा आल्या. सहा वर्षांत पहिल्यांदाच. स्वतः इतक्या बुचकळ्यात पडल्या होत्या की चिडायचंही राहून गेलं. घड्याळ मागे होतं. घरी जाऊन शिरीषला विचारलं तर तो दबक्या आवाजात म्हणाला, मीच मागे केलं, तुझी निघायची वेळ त्यांना समजलीये. ते कोण, हे मॅडमना विचारावं लागलं नाही.

दोन दिवसांनी त्याने जेवण सोडलं. फुलक्यात विष आहे, पाण्यात आहे, ताईलाही त्यांनी फितवलं आहे. मॅडमनी फ्रिजची साखळी काढली. कपाटाचं कुलूप काढलं. पोहे, शिरा, कचोऱ्या, त्याला आवडणारं सगळं टेबलावर उघडं मांडलं. तो कोपऱ्यात बसून त्या अन्नाकडे भीतीने बघत राहिला. चौथ्या दिवशी त्याला हॉस्पिटलमध्ये नेलं आणि नळीतून अन्न सुरू झालं.

हे मला स्टाफरूममध्ये समजलं, आणि हेही की गोळ्या कधीपासून आणि किती कमी झाल्या हे डॉक्टरांना कळत नाहीये. मी तास सोडून गेलो. मॅडम वॉर्डबाहेरच्या बाकावर होत्या. कानशिल कोरं होतं. मी उभ्यानेच सगळं सांगितलं, बाग, अर्धी गोळी, केव्हापासून, सगळं. त्यांनी मधे एकदाही तोडलं नाही. उठून आत गेल्या, डॉक्टरांना तारीख सांगितली आणि बाहेर येऊन माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

“चार दिवस विचारतोय आम्ही त्याला, गोळ्या कमी करायला कुणी सांगितल्या. त्याला भिंतीतून माणसं बोलतायत, माझ्या हातचं पाणी पीत नाहीये, पण तुमचं नाव नाही सांगितलं. म्हणतो, सरांना शब्द दिलाय.”

मी काहीतरी बोलायला गेलो असेन.

“तुम्ही केमिस्ट्री शिकवता ना? लॅबमध्ये पोरगा अंदाजाने ॲसिड ओतायला लागला तर हात धरता त्याचा. माझ्या भावाच्या डोक्यात ओतताना अंदाज चालला तुम्हाला? का, तर तो जाडा दिसत होता. त्याला भूक लागायची तेव्हा तुम्हा सगळ्यांना त्याची लाज वाटायची. आता नाही लागत. घ्या. करा शाबासकी.”

आवाज चढलेला नव्हता. मी म्हणालो, मॅडम, मला त्याचं भलं करायचं होतं. त्या म्हणाल्या, “जा, सर. मामी पण तेच म्हणाल्या.”

त्या क्लासमध्ये परत आल्या नाहीत. शिरीष पाच आठवड्यांनी घरी आला, पुरी गोळी पुन्हा सुरू झाली, एवढं मला क्लासच्या मालकांकडून कळलं. मॅडमच्या जागी आलेला नवा मुलगा भुकेचा धडा वीस मिनिटांत उरकतो. परीक्षेला त्यावर एखादाच प्रश्न येतो, असं त्याचं म्हणणं आहे. मी त्याच्यावर ओरडलो. स्टाफरूममध्ये आता लोक माझ्या नाकाच्या शेंड्याबद्दल बोलतात.

वर्षभराने, एका सकाळी, मी पलासियाजवळ पोहे घ्यायला थांबलो होतो. प्लेट हातात आली आणि पलीकडच्या टेबलाशी ती दोघं दिसली. शिरीष पूर्वीसारखा झाला होता, भरलेला, मऊ. घड्याळ आता त्याच्या मनगटात होतं आणि तिथे ते घट्ट बसलं होतं. पुढ्यात पोह्यांची एक प्लेट, पण दोघांचेही हात मांडीवर. शिरीष घड्याळाच्या काट्याकडे बघत होता. वाफ निघून जात होती, आजूबाजूचे लोक वळून बघत होते, आणि मॅडमना त्या लोकांशी काही देणंघेणं नव्हतं. आठ वाजले असावेत. त्याने मान हलवली. मॅडमनी प्लेटमधले अर्धे पोहे कागदावर काढून स्वतःकडे घेतले आणि अर्धे त्याच्यापुढे सरकवले. त्याने सावकाश खाल्ले. मग पर्समधून गोळ्यांची पट्टी निघाली. त्याने गोळी घेतली, पाणी प्यायला आणि तोंड उघडून बहिणीला जीभ वर करून दाखवली. भर बाजारात, काहीही न लाजता.

पोहेवाला झारा घेऊन आला. चांगला माणूस असावा, त्याने शिरीषकडे बघून हसत विचारलं, “और लगाऊँ, भिया? पेट भरा कि नहीं?”

मॅडम काही बोलणार, त्याच्या आत शिरीषने एक बोट वर केलं आणि स्वतःच्या कानशिलावर टकटक केली. “पेट से क्या पूछते हो, भिया.”

तारे मॅडम हसल्या. मोकळ्या, मान मागे टाकून, पुढचे दोन्ही दात दिसेपर्यंत. हसता हसता त्यांनी मान वळवली आणि त्यांना मी दिसलो.

हसू गेलं. तोंडाची ती रेघ मी ओळखत होतो. त्यांनी शिरीषच्या खांद्यावर हात ठेवून त्याला हळूच पाठमोरं वळवलं, म्हणजे त्याला मी दिसू नये. मी प्लेट तशीच काउंटरवर ठेवून निघालो. सकाळपासून पोटात काही नव्हतं.